मदत हवी आहे : पावसाळ्यात व्हरांड्यात पीटी कशी घ्यावी?

नमस्कार. पेठ तालुक्यातली (जि. नाशिक) जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते पाचवी, आम्ही दोनच शिक्षक. क्रीडा शिक्षक नाही. मुलं साधारण चाळीस.

मैदान म्हणजे उताराचा मुरमाड तुकडा. कबड्डीचं सब-ज्युनिअर मैदान ११ बाय ८ मीटरचं. तेवढीसुद्धा सपाट जागा नाही. उन्हाळ्या-हिवाळ्यात लंगडी, लगोरी, डोंगराच्या वाटेवर पळणं यावर निभावतं. पळण्यात ही पोरं ऐकत नाहीत, धावपटू कविता राऊतचं गाव सावरपाडा इकडून फार लांब नाही!

अडचण जून ते सप्टेंबरची. पाऊस थांबत नाही, मुरूम निसरडा होतो आणि बहुतेक मुलं अनवाणी. उरतो सात-आठ फूट रुंद व्हरांडा, खाली गुळगुळीत फरशी. सूर्यनमस्कार, योगासनं घेतो, पण दुसऱ्या आठवड्यात पोरं कंटाळतात. जागेवर दोरीउड्या घेतल्या तर दोऱ्या एकमेकांच्या डोक्याला लागतात. वर्गात बाकं नाहीत, पण एका वर्गात धान्याची पोती आणि दुसऱ्यात माझा सहकारी शिकवत असतो, त्यामुळे फार आरडाओरडाही चालत नाही.

साहित्य : जुने टायर, सुतळी, खडू, बांबू हवे तेवढे. विकत काही आणता येणार नाही. रेंज नसते, म्हणून व्हिडिओची लिंक नको, कृती लिहूनच सांगा.

नेमकं विचारायचं ते असं : एवढ्या अरुंद जागेत सहा आणि अकरा वर्षांची मुलं एकत्र खेळतील, दम लागेल, पण कुणी घसरून पडणार नाही असे कोणते खेळ तुम्ही स्वतः घेतले आहेत? आणि एका वेळी किती मुलं उतरवता?