मदत हवी आहे: करोनाकाळातील निर्बंधांपैकी शासनाचे कोणते आणि गावाचे कोणते, याची कागदोपत्री खात्री कशी करावी?

नमस्कार. मी राजापूर तालुक्यात, वाघोटन खाडीच्या उत्तर काठावरील एका गावात राहतो. खाडी ओलांडली की देवगड तालुका, म्हणजे सिंधुदुर्ग जिल्हा लागतो. करोनाच्या दोन वर्षांत गावात काय घडले याची नोंद करून ती देवळाच्या दप्तरात ठेवायचे देवस्थान समितीने ठरवले आहे. त्यातील सण-समारंभ आणि दुकाने यांवरील निर्बंधांचा भाग माझ्याकडे आला आहे. लिहायला बसलो तेव्हा ध्यानात आले की कोणता नियम शासनाचा, कोणता जिल्हाधिकाऱ्यांचा आणि कोणता आमच्या ग्राम कृती दलाने (साथीच्या काळात गावात नेमलेल्या समितीने) स्वतःच्या मनाने लावलेला, हे आता गावात कोणालाच नेमके सांगता येत नाही.

माझी सर्वांत मोठी अडचण २०२० च्या गणेशोत्सवाची आहे. त्या वर्षी गणेश चतुर्थी २२ ऑगस्टला होती. तत्कालीन परिवहन मंत्री अनिल परब यांनी जाहीर केल्याप्रमाणे चाकरमान्यांनी १२ ऑगस्टपर्यंत कोकणात पोहोचायचे होते आणि विलगीकरणाची मुदत १४ दिवसांवरून १० दिवसांवर आणली होती. एसटीने येणाऱ्यांना ई-पास लागणार नव्हता, खासगी वाहनाला मात्र तो लागणार होता. १२ तारखेनंतर येणाऱ्याला निघण्याआधी ४८ तासांतील करोना चाचणी करून घेणे भाग होते. एवढे मला ठाऊक आहे. आमच्या ग्राम कृती दलाने मात्र १४ दिवसांचाच आग्रह धरला आणि त्या दलात मी स्वतः होतो.

माझे एक चुलत काका ११ ऑगस्टला मुंबईहून एसटीने आले. १० दिवस धरले असते तर ते २१ तारखेला मोकळे झाले असते आणि दुसऱ्या दिवशी आपल्या हाताने गणपती पाटावर बसवू शकले असते. आम्ही १४ दिवस धरले, म्हणून ते २५ तारखेपर्यंत शाळेत राहिले. त्यांच्या घरी दीड दिवसाचा गणपती असतो, त्यामुळे २३ तारखेला विसर्जनही होऊन गेले. शाळा घरापासून हाकेच्या अंतरावर असल्याने आरतीचा आवाज त्यांना ऐकू येत होता. त्यांचा अहवाल शेवटपर्यंत निगेटिव्ह होता. पुढे त्या घरच्या माणसांनी गावात येणे जवळजवळ थांबवले.

दलाची बाजूही मला प्रामाणिकपणे लिहायची आहे. गावात साठी ओलांडलेली माणसे निम्म्याहून अधिक, आणि साथीच्या सुरुवातीच्या महिन्यांत आपल्या जिल्ह्यातले स्वॅब तपासणीसाठी मिरजेला पाठवावे लागत असत. भीती खरी होती. परंतु आम्ही तेव्हा सगळ्यांना 'वरून आदेश आहे' असे सांगत होतो, आणि तसा आदेश खरोखर होता की नाही हे मला आज सिद्ध करता येत नाही.

२०२१ चे चित्र त्या मानाने स्पष्ट आहे. ७ जूनपासून बाधितांचे प्रमाण आणि ऑक्सिजन खाटांची स्थिती पाहून जिल्ह्यांचे व महानगरांचे पाच स्तर ठरले. मुंबईत तिसऱ्या स्तराचे नियम होते, त्यामुळे तेथे लग्नाला ५० माणसे चालत आणि हॉटेलात निम्म्या क्षमतेने दुपारी चारपर्यंत बसून जेवता येत असे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग चौथ्या स्तरात असल्याने आमच्याकडे लग्नाला २५ माणसे, हॉटेलांना फक्त पार्सल आणि अत्यावश्यक नसलेली दुकाने बंद, असे होते.

माझे प्रश्न दोन आहेत. ऑगस्ट २०२० मध्ये ग्राम कृती दलांना मुदत वाढवण्याचा अधिकार देणारे एखादे लेखी पत्र तालुका किंवा जिल्हा पातळीवरून निघाले होते का? आणि खाडीपलीकडच्या गावांनी त्या वेळी किती दिवस धरले होते?

प्रतिसाद १

मी देवगड तालुक्यातील आहे. आमच्याकडेही १४ दिवसांचीच चर्चा होती, परंतु शेवटी वाडीवार वेगवेगळे ठरले. ज्यांच्या घरात स्वतंत्र पडवी आणि वेगळे शौचालय होते, त्यांना घरीच राहू दिले. आपण आठवणींवर विसंबू नका. ग्रामपंचायतीचे प्रोसिडिंग बुक आणि आवक-जावक नोंदवही ही दोन दप्तरे आधी पाहा. तहसील कार्यालयातून पत्र आले असेल तर आवक नोंदीत त्याचा क्रमांक व दिनांक सापडेल, आणि दलाने स्वतः ठरवले असेल तर ठराव सापडेल. दोन्ही नसेल, तर तेही तसेच लिहावे.

प्रतिसाद २

आवक नोंदीत क्रमांक मिळाला आणि मूळ पत्र मिळाले नाही, तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये तहसील कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करा. शुल्क १० रुपये आहे आणि उत्तर ३० दिवसांत मिळायला हवे. अर्जात 'का' असा प्रश्न विचारू नका, कारण त्याला उत्तर मिळत नाही. 'ऑगस्ट २०२० मध्ये ग्राम कृती दलांना पाठवलेल्या परिपत्रकांच्या प्रती' असे नेमके मागा.

महामार्गालगत माझी खानावळ आहे, म्हणून एक विनंती. २०२१ चा भाग आपण दोन वाक्यांत आटोपू नये. ट्रकचालक पार्सल घेऊन पावसात टायरच्या आडोशाला बसून जेवत आणि आत माझी बाके रिकामी असत. आदेशात 'फक्त पार्सल' हे दोनच शब्द होते, परंतु त्यापायी वाढपी म्हणून काम करणारी तीन माणसे मला घरी पाठवावी लागली.

मूळ धागालेखक

दोघांचेही मनापासून आभार. आज ग्रामसेवकांच्या परवानगीने प्रोसिडिंग बुक पाहिले. १४ दिवसांचा ठराव त्यात आहे आणि खाली माझीही सही आहे. ठरावात वरच्या कोणत्याही पत्राचा उल्लेख नाही. आवक नोंदवहीचे त्या महिन्याचे पान अजून पाहायचे आहे. तेथेही काही आढळले नाही तर नोंदीत 'हा निर्णय गावाचा होता' असे लिहीन, आणि दप्तरात ठेवण्यापूर्वी ते पान काकांना स्वतः मुंबईला नेऊन दाखवीन. खानावळीचा मजकूर आपण दिलेल्या तपशिलासह घेतो, मात्र आपले नाव घालावे की नाही ते कृपया कळवावे.