केप्यातली जुनी जीप: युद्धातली विलिस की आणखी काही?

रानवाट
गोव्यातल्या केप्यात एक जीप विकाऊ आहे. मालक ‘युद्धातली अस्सल विलिस’, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन जीप, सांगतात. समोर सात फटींचं ग्रिल, मागे खाली पडणारी फळी, इंजिन डिझेल, नंबर जुन्या जीडी (गोवा-दमण-दीव) मालिकेतला. युद्धातली असेल का? विंटेज नोंदणी मिळेल का?

गिअरपेटी
फळी आणि सात फटी, म्हणजे युद्धानंतरची. युद्धातल्या गाडीला मागे फळी नव्हती, ग्रिलला फटी नऊ.

गंमत म्हणजे हे ग्रिल विलिसचं नव्हेच. 1940 मध्ये अमेरिकन लष्कराने हलक्या टेहळणी गाडीसाठी 135 कंपन्यांना विचारलं. अभियंता कार्ल प्रोब्स्टच्या आराखड्यावर बँटम कंपनीने पहिली गाडी 23 सप्टेंबरला हॉलाबर्डच्या छावणीत पोचवली. कारखाना मात्र लहान. लष्कराने तेच आराखडे विलिस आणि फोर्डपुढे ठेवले, आणि 60 अश्वशक्तीच्या ‘गो डेव्हिल’ इंजिनामुळे विलिसने मोठं काम पटकावलं. बँटमवर सरळसरळ अन्याय झाला. विलिसच्या युद्धातल्या मॉडेलला, म्हणजे एमबीला, सुरुवातीला वेल्ड केलेल्या पट्ट्यांची जाळी होती. एकाच पत्र्यातून ठोकलेलं स्वस्त ग्रिल फोर्डने आणलं, ते विलिसने उचललं. 1945 मध्ये नागरी सीजे-2ए आली तेव्हा दिवे मोठे झाले, फटी सात झाल्या.

आणि फोर्डच्या गाडीच्या नावातलं जीपी म्हणजे ‘जनरल पर्पज’ असं सांगतात, ते विसरा. फोर्डच्या संकेतात जी सरकारी गाडीचा, पी 80 इंची व्हीलबेसचा.

चासीवाला
ग्रिल तासाभरात बदलतं, त्यावर भाव ठरवू नका. चासीचा अगदी पुढचा आडवा दांडा बघा: एमबीचा गोल पाइप, फोर्डने बनवलेल्या तशाच गाडीचा, म्हणजे जीपीडब्ल्यूचा, चौकोनी. फोर्डच्या मूळ बोल्टांच्या डोक्यावर ‘एफ’ असतो. जीपीडब्ल्यूचा नंबर डाव्या चासीवर वरच्या बाजूला ठोकलेला, एमबीचा डाव्या चासीच्या पुढच्या टोकाला आतून रिव्हेट केलेल्या पट्टीवर.

युद्धातल्या बॉडीत फ्लोअरखालच्या पत्र्याच्या खोबणींत लाकूड भरलेलं असतं. आपल्याकडच्या पावसात ते पाणी धरून बसतं आणि पत्रा आतून गंजतो. वरून रंग चकाचक दिसला तरी खालून स्क्रूड्रायव्हर टोचून बघाच. डाव्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात, जोर लावून तोडू नका.

पहिला गिअर चालू गाडीत किरकिरला तर घाबरू नका, त्याला सिंक्रो (गिअर सहज बसवणारी जोडणी) नाही. फोर-व्हील मात्र डांबरावर टाकू नका: पुढच्या-मागच्या चाकांना वेगळ्या वेगाने फिरू देणारा मधला डिफरन्शियल नसल्याने वळणावर ट्रान्सफर केसवर (दोन्हीकडे ताकद वाटणाऱ्या पेटीवर) ताण येतो.

कागदपत्रं
विंटेजसाठी 50 वर्षं पूर्ण हवीत, शिवाय चासी, बॉडी, इंजिन मूळचं हवं. डिझेल बसवलेलं असेल तर तिथेच अडेल. शुल्क 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं, नूतनीकरण 5,000. जुना नंबर ठेवता येतो. पण रोजच्या वापराला किंवा पर्यटक न्यायला ही गाडी चालत नाही. आधी आरसी बुकावरचं इंजिन आणि इंधन तपासा.

रानवाट
बघून आलो. बॉनेट बरंच उंच, काच अखंड, स्टिअरिंग उजवीकडे.

गिअरपेटी
मग बहुधा महिंद्राची सीजे-3बी. 1953 च्या या मॉडेलमध्ये ‘हरिकेन’ इंजिन आलं. इनटेक व्हॉल्व्ह डोक्यावर चढले, इंजिनाची उंची वाढली, म्हणून बॉनेटही चढलं. महिंद्रांनी चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलिस जोडायला घेतल्या, पुढे हीच इथे बनवली. गाडी चांगली आहे, फक्त ‘युद्धातली’ या शब्दाचे पैसे देऊ नका.

रानवाट
देव बरें करूं.