रिळावर घरं २२, मग जॅकपॉट २५,००० कसा परवडतो?

नाशिकचा_मास्तर

नमस्कार मंडळी. सध्या मुलीकडे फिनिक्सला आहे. मध्यंतरी जावयांनी लास वेगासला नेलं. खेळायचं मनात नव्हतंच, पण जन्मभर पॉलिटेक्निकात गणित शिकवलेल्या माणसाला एवढी स्लॉट मशीनं, म्हणजे पैसे लावून चित्रं जुळवायची जुगाराची यंत्रं, समोर असताना गप्प बसवेना.

बहुतेक ठिकाणी आता टीव्हीसारखे पडदेच आहेत. एका कोपऱ्यात मात्र खरीखुरी तीन रिळं (कडेवर चित्रं छापलेली चाकं) फिरणारं जुन्या धाटणीचं मशीन होतं. एक आजीबाई शांतपणे खेळत होत्या. रीळ थांबलं की वरचं, मधलं आणि खालचं अशी तीन घरं दिसतात, आणि मधल्या ओळीत चित्रं जुळली तर बक्षीस. ती जोडत जोडत मी कागदावर पूर्ण पट्टी उतरवली. एका रिळावर २२ घरं : ११ चित्रं आणि त्यांच्या मधली ११ कोरी. लाल सात, म्हणजे लाल रंगातला ७ चा आकडा, प्रत्येक रिळावर एकच.

आता हिशोब. २२ × २२ × २२ = १०,६४८. म्हणजे तीन लाल सात जुळायची शक्यता १०,६४८ मध्ये एक. खेळी एक डॉलरची, आणि तीन सातांना बक्षीस लिहिलंय २५,००० डॉलर. म्हणजे या एका बक्षिसापोटीच कॅसिनो डॉलरमागे सरासरी सव्वादोन डॉलरहून जास्त परत देणार? मग झुंबरांचे पैसे कुठून येतात?

दुसरं, तो लाल सात मधल्या ओळीच्या जरासा वर नाहीतर जरासा खाली येऊन फार वेळा थांबतो. मला भास होतोय का? जावई म्हणतात, आत माणूस बसलेला असतो. मला पटत नाही.

---

गिरगाव_चौपाटी

मास्तर, जावयाशी वाद घालू नये, विशेषतः त्याच्या घरी राहत असताना. 😀

आमच्याकडच्या व्हिडिओ गेम पार्लरबद्दलही सगळे हेच म्हणायचे, की काउंटरवरचा पोऱ्या पायाखालचं बटण दाबतो. खरंखोटं देव जाणे. जाणकारांच्या प्रतिसादाची वाट बघतोय.

---

सावंतवाडीकर

मास्तर, तुमच्या गणितात खोट नाही. खोट त्या रिळात आहे. तुम्ही जे मोजलंत ते रीळ निकाल लावतच नाही.

मी गोव्यात एका पंचतारांकित हॉटेलच्या कॅसिनोत स्लॉट टेक्निशियन होतो, नंतर क्रूझवर तेच काम केलं. आता गावी इन्व्हर्टर आणि पंप दुरुस्त करतो. (गोव्यात पंचतारांकित हॉटेलांना मशीनं लावायची मुभा १९९२ च्या कायदादुरुस्तीनं मिळाली. पत्त्यांची टेबलं आणि जहाजांवरचे कॅसिनो १९९६ च्या दुरुस्तीनंतरचे. लोकांना वाटतं सगळं मांडवीतल्या बोटींपासून सुरू झालं, तसं नाही.)

मुळात हे मशीन प्रामाणिक होतं. ब्रुकलिनच्या सिटमन आणि पिट या जोडीनं १८९१ च्या सुमारास पत्त्यांचं यंत्र काढलं, पाच ढोल आणि त्यांवर पोकरचे पत्ते. पण पोकरचे हात इतक्या तऱ्हेचे, की पैसे मोजून देणं यंत्राला जमेना. मग गुत्तेवाला बिअर नाहीतर सिगार द्यायचा. सॅन फ्रान्सिस्कोतल्या चार्ल्स फे यांनी ते सोपं केलं. हा मूळचा बव्हेरियाचा कारागीर. पाचाची तीन रिळं केली आणि चित्रं पाचच ठेवली : नाल, चौकट, इस्पिक, बदाम आणि घंटा. मशीनचं नाव लिबर्टी बेल. तीन घंटांना ५० सेंट, म्हणजे पाच सेंटची दहा नाणी, आणि ती मशीन स्वतः ओतणार. १८९० च्या दशकातली ही गोष्ट. तिथं रीळ जिथं थांबेल तोच निकाल. तुमचा घनाचा हिशोब त्या मशीनला तंतोतंत लागू.

पुढं रिळं २० घरांची झाली, म्हणजे ८,००० जुळण्या. आणि तिथंच गाडी अडली. लाखात एक शक्यता आणायची तर रीळ गाडीच्या चाकाएवढं करावं लागेल, नाहीतर रिळांची संख्या वाढवावी लागेल. पाच रिळं दिसली की गिऱ्हाईक पुढच्या मशीनकडे सरकतं, त्याला न शिकवता कळतं की इथं जुळणं कठीण. १९६० च्या दशकात शिकागोच्या बॅली कंपनीनं 'मनी हनी' काढलं. त्यात मोटर आणि खाली हॉपर, म्हणजे नाण्यांचा मोठा डबा, एका दमात ५०० नाणी ओतू शकणारा. द्यायची सोय झाली, शक्यतेचा प्रश्न तसाच राहिला.

तो सोडवला इंगे टेलनेस यांनी. नॉर्वेत जन्मलेले, अमेरिकेत काम केलेले. १५ मे १९८४ ला त्यांना पेटंट मिळालं. कल्पना ऐकाल तर वाटेल, एवढंच? चिपमध्ये एक अदृश्य रीळ ठेवायचं. समजा त्याला ६४ घरं. ही ६४ घरं समोरच्या २२ घरांना वाटून द्यायची, पण सारखी नाही. लाल सातला एकच आकडा. साध्या चित्रांना दोन-तीन. कोऱ्या घरांना जास्त. तुम्ही बटण दाबलं की चिप तीन आकडे काढते, त्यावरून तीन घरं ठरतात, मग रिळं फिरायला लागतात. अक्षता पडून गेल्यावर वाजणारा बँड आहे तो, लग्न आधीच लागलेलं असतं.

आता तुमचाच हिशोब पुन्हा करा. ६४ × ६४ × ६४ = २,६२,१४४. त्यानं २५,००० ला भागा. डॉलरमागे साडेनऊ सेंट. झुंबरं आरामात लागतात. (६४ हे उदाहरण म्हणून धरलंय, मशीनगणिक आकडा वेगळा.)

"जरासा वर, जरासा खाली" हा भास नाही. लाल सातच्या दोन्ही बाजूंची कोरी घरं असतात ना, त्यांना मुद्दाम भरपूर आकडे देतात. समजा पाच-पाच. मग सात ओळीवर यायची शक्यता ६४ मध्ये १, आणि ओळीला चाटून जायची ६४ मध्ये १०. सरळ २२ घरांच्या रिळात हेच प्रमाण १ आणि २ असतं. गिऱ्हाईक म्हणतं "अरे, थोडक्यात हुकलं". थोडक्यात काहीच हुकलेलं नसतं. खेळणाऱ्याला संधी खरी आहे त्याहून मोठी वाटावी आणि तरी कायद्यात बसावं, हे महत्त्वाचं, अशा अर्थाचं वाक्य त्या पेटंटच्या मजकुरातच आहे. लपवाछपवी नाही!

१९८० च्या दशकाच्या शेवटी नेवाडात (लास वेगास ज्या राज्यात आहे तिथं) यावर मोठा वादही झाला. एका कंपनीची मशीनं आधी "हरला" असं ठरवायची आणि मग हरलेल्या डावासाठी ओळीवर जवळपास जुळलेली चित्रं शोधून दाखवायची. त्याला बंदी झाली. टेलनेस यांची पद्धत मात्र चालू राहिली, कारण तिच्यात घर आधी ठरतं आणि चित्र त्या घराचंच दिसतं. बारीक फरक आहे, पण सगळा धंदा त्या फरकावर उभा आहे. पेटंटचे हक्क पुढं आयजीटी या स्लॉट मशीन बनवणाऱ्या कंपनीनं घेतले. १९८६ मध्ये त्यांनी अनेक कॅसिनोंतली मशीनं तारेनं जोडून 'मेगाबक्स' सुरू केलं. २००३ मध्ये लास वेगासच्या एक्सकॅलिबरमध्ये एकाला ३ कोटी ९७ लाख डॉलर लागले ते त्यातच. खऱ्या २० घरांच्या रिळावर असला आकडा लिहिताच आला नसता.

आत माणूस वगैरे नसतो. दार उघडलंत तर दिसेल : प्लॅस्टिकचं हलकं चाक, त्यावर छापील पट्टी, मागं दिवा, मध्ये स्टेपर मोटर, म्हणजे ठरावीक टप्प्यांनी फिरणारी. चाकाला एक छोटी जीभ असते, ती सेन्सरच्या फटीतून गेली की आतल्या सर्किट बोर्डाला कळतं चाक कुठं आहे. वीज येऊन मशीन चालू झालं की तिन्ही रिळं आधी आपापली जागा शोधतात. बोटानं रीळ ढकललंत तर मशीन लगेच 'टिल्ट', म्हणजे बिघाडाची सूचना, दाखवतं आणि वरचा दिवा लुकलुकायला लागतो. आमच्याकडे एक शेठ यायचे, रिळं फिरत असताना काचेवर अंगठी घासायचे. फार भला माणूस, टीप चांगली द्यायचा. मी कधी काही बोललो नाही.

---

सिडनीची_मृदुला

सावंतवाडीकर, मस्त प्रतिसाद! थोडी भर घालते. मी सॉफ्टवेअरवाली.

इथं न्यू साउथ वेल्समध्ये १९५६ पासून क्लबांमध्ये ही मशीनं अधिकृत आहेत, 'पोकीज' म्हणतात. सोसायटीच्या जेवणाला क्लबात गेलं तरी शेजारच्या खोलीतून तो आवाज येतोच. आता सगळी पडद्यावरची, त्यामुळे रिळाचा आकार हा प्रश्नच संपला. नवी युक्ती ओळींची आहे. २५ ओळींवर २५ सेंट लावायचे, एका ओळीवर १० सेंट मिळाले की दिवे, संगीत, नाणी उधळल्याचं चित्र. प्रत्यक्षात १५ सेंट गेलेले असतात. मला तरी ही युक्ती टेलनेस यांच्यापेक्षा जास्त खुपते.

एका मुद्द्यावर मात्र बारीक शंका. "चिप आकडे काढते" म्हणालात, पण ती सूत्रानंच काढते ना? म्हणजे सूत्र आणि आत्ताची स्थिती कळली, तर पुढचा आकडा सांगता येईल. २०१४ मध्ये सेंट लुईसच्या एका कॅसिनोत हेच झालं. माणूस फोननं मशीनचं चित्रण करायचा, ते रशियात सेंट पीटर्सबर्गला जायचं, तिथून वेळ हिशोबून यायची. फोन थरथरला की क्षणभरात बटण दाबायचं. मशीन जुन्या मॉडेलचं होतं.

---

नाशिकचा_मास्तर

वा! रात्री जावयांना कागद पेन घेऊन बसवलं. साडेनऊ सेंट पाहून गप्प झाले.

मृदुलाताईंच्या मुद्द्यावरून विचारतो, मग बटण कधी दाबायचं याला अर्थ आहे की नाही? काही मशीनवर रीळ मध्येच थांबवायचं बटणही दिसलं. आणि ही चिप तपासतं कोण?

---

सावंतवाडीकर

मृदुलाताई, बरोबर. आकडे पिठाच्या गिरणीसारखे सारखे चालूच असतात, कोणी खेळो न खेळो, त्यामुळे *सुरू* करायचं बटण कुठल्या क्षणी दाबलं याला अर्थ आहे. पण तो क्षण सेकंदाच्या बारीक तुकड्याएवढा, आणि सूत्र हातात नसलेल्याला त्याचा काडीचा उपयोग नाही. *थांबवायचं* बटण फक्त रीळ लवकर थांबवतं. घर तेच राहतं, तेवढ्याच वेळात डाव मात्र जास्त होतात, आणि कॅसिनोला तेच हवं असतं.

तपासणीचं म्हणाल, तर चिप सीलबंद असते आणि यंत्राला लावून तिची सही, म्हणजे आतल्या प्रोग्रॅमवरून निघणारा ओळखीचा आकडा, जुळवतात. पण तपासणाराच फितूर झाला तर? नेवाडाच्या गेमिंग कंट्रोल बोर्डातल्या, म्हणजे कॅसिनोंवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी मंडळातल्या, रोनाल्ड हॅरिस या इंजिनिअरनं तेच केलं. चिप तपासायच्या यंत्रातच त्यानं स्वतःचा कोड घुसवला. तपासलेली मशीनं ठरावीक क्रमानं नाणी टाकली की पैसे द्यायला लागली. १९९५ मध्ये अटलांटिक सिटीत त्याच्या साथीदारानं केनो या आकडे ओळखायच्या खेळात एक लाख डॉलर जिंकले, त्यावरून संशय आला आणि दोघे सापडले.

---

गिरगाव_चौपाटी

म्हणजे माणूस मशीनच्या आत नव्हता, बोर्डात होता. जावई अर्धे जिंकले!

एक बाळबोध प्रश्न. ९० टक्के परतावा म्हणतात, म्हणजे हजार घेऊन गेलो तर नऊशे घेऊन परत?

---

सावंतवाडीकर

नाही हो. ९० टक्के प्रत्येक खेळीवर. परत आलेले नऊशे तुम्ही पुन्हा लावता, त्याचे ८१०, त्याचे ७२९. एक डॉलरची खेळी आणि तासाला ६०० खेळ्या धरा, सरासरी ६० डॉलर तासाला जातात. नेवाडात कायद्यानं किमान परतावा ७५ टक्के आहे, पण तेवढं खाली कॅसिनो सहसा जात नाहीत, गिऱ्हाईक लवकर रिकामं झालं तर लवकर उठतं.

मास्तर, पेटंटचा क्रमांक ४४४८४१९. नेटवर फुकट वाचता येतं. आकडे घरांना वाटून दिल्याचे तक्ते पाहा, तुम्हाला आवडतील.