शेजारी अवाढव्य घर उभं राहतंय? तुमचे अनुभव लिहा

मंडळी, गोव्यातल्या आमच्या शिवोलीत बाजूचं जुनं कौलारू घर विकलं गेलं आणि तिथे आता स्विमिंग पूलसकट मोठा व्हिला येतोय. आईची झोप उडालीय. पाणी, ऊन, आवाज, सगळ्याचीच धास्ती. आसगाव, हळदोण्यातही हेच ऐकतोय. तुमच्याकडे काय झालं, तुम्ही काय केलंत, सविस्तर लिहा.

मांद्रे : पाण्याचं आधी बघा. शेजारी बोअर मारल्यापासून आमची विहीर एप्रिलअखेर तळाला जाते. पूर्वी मे निघायचा. बोअरमुळेच झालं हे सिद्ध करणं मात्र जड जातंय. 2002 च्या भूजल कायद्याखाली बोअरला परवानगी लागते, ती आहे का ते आत्ताच विचारा. आणि विहिरीची पातळी आजपासून तारखेसह वहीत लिहायला घ्या.

पर्वरी : मी आराखडे काढण्याचं काम करतो. आधी हिशोब मांडा. गाव व्हीपी-2 या बांधकाम वर्गात असेल तर एफएआर (प्लॉटच्या किती टक्के एकूण बांधकाम चालतं ते) 60, म्हणजे 500 चौरस मीटर प्लॉटवर 300 चौरस मीटर बांधकाम. स्टिल्ट पार्किंग (खांबांवरच्या घराखालची गाड्यांची जागा) त्यात धरत नाहीत, म्हणून घर कागदापेक्षा उंच दिसतं. माहिती हक्कात मंजूर आराखड्याची प्रत मागा. प्रत हातात असली की पंचायतीत बोलणं सोपं जातं.

डिचोली : आमचं दुखणं भरावाचं. वरच्या प्लॉटवर डोंगर कापला, खाली माती टाकली, पावसाचा व्हाळ (ओहोळ) कंपाउंडखाली गाडला. पहिल्याच आषाढात तांबडं पाणी अंगणात शिरलं, तुळशीवृंदावनाचा पायाच खचला. सासूबाई भर पावसात खोऱ्याने चिखल ओढत होत्या. नगरनियोजन कायद्याच्या 17(अ) कलमाखाली परवानगीशिवाय डोंगरकापणी आणि सखल जागेत भराव, दोन्हीला बंदी आहे. फोटो पाऊस येण्याआधीच काढून ठेवा. व्हाळ कुठून जायचा हे नंतर कुणालाच आठवत नाही.

फोंडा : ऊन गेलं. दुपारी तीननंतर अंगणात सावली, मे महिन्यात सोलं (कोकमाच्या साली) वाळत नाहीत, बुरशी धरते. घर पूर्ण नियमात आहे, तक्रार कुणाकडे करायची?

साखळी : दुसरी बाजूही लिहिते. मोठं घर आम्हीच बांधलं. तीन भावांचे संसार, सासू-सासरे, जुन्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. आराखडा निघायच्या आधी शेजारच्या काकींना बोलावून खुणा दाखवल्या. त्यांची न्हाणी आमच्या जिन्याच्या खिडकीसमोर येत होती, ती खिडकी आम्ही फिरवली. मोठ्या घराला सरसकट नावं ठेवू नका. विचारलं होतं का, ते बघा.

पेडणे : तुम्ही निदान शेजाऱ्यांना विचारलंत. आमच्याकडे मोपा विमानतळ सुरू झाल्यापासून मालक कोण तेच कळत नाही, फक्त जेसीबी दिसतो. जमिनीचा झोन (शेती, वस्ती वगैरे वापर) बदलला का तेही तपासा. नगरनियोजन कायद्याच्या 17(2) कलमाखालचे झोन बदलायचे नियम मार्च 2025 मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केले. शेजारच्या भाटाचा (बागायतीचा) झोन बदलायची त्याच कायद्याच्या 39(अ) ची नोटीस लागली तेव्हा हरकतीला 30 दिवस होते. आम्ही वाड्यावरची सगळी घरं फिरून सह्या घेतल्या आणि पोच शिक्का मारून आणली. निकाल अजून नाही.

शिवोली (पुन्हा) : सगळ्यांचे आभार. आराखड्याच्या प्रतीसाठी अर्ज सोमवारी देतोय, विहिरीत दोर सोडून पातळी आजच मोजली. ग्रामसभेत विषय घ्यायचा आहे. कुणाकडे ठरावाचा मसुदा असेल तर इथे टाका.