दिवाळी निधी यंदा सोलापूरला: शिलाई मशीन की आणखी काही?

प्रेषक: खजिनदार
प्रति: सर्व सभासद

मंडळी, नमस्कार.

ब्रिटनमधल्या आपल्या मंडळाच्या दिवाळी पहाटेची तिकिटं आणि फराळाचा स्टॉल यांतून जे उरेल ते नेहमीप्रमाणे गावाकडे पाठवायचं आहे. यंदा पाळी सोलापूरची. (कोल्हापूरकरांनी मागल्या वर्षी बाजी मारली, त्यांनी आता गप्प बसावं.) कार्यकारिणीचा विचार असा की पूर्व भागातल्या विडी कामगार बायकांना पायाची शिलाई मशीन द्यावीत. काय दिलं ते देणगीदारांना डोळ्यांनी दिसतं, फोटोही छान येतात. हरकत असेल तर रविवारपर्यंत कळवा, नाहीतर होकार समजतो.

— खजिनदार

प्रेषक: नाना
विषय: उत्तर: दिवाळी निधी

खजिनदारसाहेब,

"फोटोही छान येतात" वाचलं आणि राहवलं नाही. लांबण लागणार आहे, कंटाळा असेल त्यांनी सरळ डिलीट करावं.

बहात्तरच्या दुष्काळात मी सांगोल्याकडे शाळकरी पोर होतो. अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी आली होती. शेजारच्या मंगळवेढ्याची मालदांडी खाल्लेल्या तोंडाला ती कसली रुचतेय! भाकरी थापायला घेतली की कडेनं फाटायची. आमची आजी शिव्या देत थापायची आणि आम्ही शिव्या ऐकत खायचो. पण खाल्ली, आणि तगलो. त्यामुळे परदेशी मदतीला नाकं मुरडणाऱ्यांतला मी नव्हे.

पण त्याच दुष्काळानं आपल्याला रोजगार हमी दिली, आणि ती कुणी बाहेरून आणून दिली नव्हती. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी तिचा पाठपुरावा केला, १९७७ ला कायदा झाला. पैसा कुठनं आणायचा, तर १९७५ मध्ये व्यवसाय कर लावला. मुंबई-पुण्यात नोकरी केलेल्या प्रत्येकाच्या पगारपत्रकावर ती कपात असायची, पण ती मुळात कशापायी सुरू झाली हे विचारा, निम्मे लोक खांदे उडवतील. शहरातल्या पगारदारानं द्यायचं आणि दुष्काळी तालुक्यातल्या बाईनं खडी फोडून, नालाबांध घालून मजुरी घ्यायची. त्या मजुरीचं काय करायचं ते तिचं तिनं ठरवायचं. पुढं २००५ ला केंद्राचा कायदा आला तो याच वाटेनं.

आता साहेबलोकांचं बघा. श्रीमंत देशांनी राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के मदत द्यावी असा संयुक्त राष्ट्रांचा ठराव १९७० चा. स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क, लक्झेंबर्ग अशी मोजकी मंडळी सोडली तर बाकीचे पन्नास वर्षं नुसत्या माना डोलावताहेत. आपण राहतो त्या ब्रिटननं २०१५ ला तो आकडा कायद्यात घातला, २०२१ ला ०.५ वर आणला आणि २०२५ च्या फेब्रुवारीत जाहीर केलं की २०२७ पर्यंत ०.३ करू, संरक्षणाला पैसे हवेत. गंमत म्हणजे २०२२ मध्ये ब्रिटनच्या मदतीतला चौथ्या हिश्शाहून जास्त पैसा ब्रिटनमध्येच खर्च झाला, इथं आलेल्या निर्वासितांच्या हॉटेलांवर आणि सोयीवर. नियमानं तोही 'मदत' म्हणून मोजता येतो. अमेरिकेनं तर यूएसएड या आपल्या सरकारी मदतसंस्थेचं दुकानच १ जुलै २०२५ ला बंद केलं.

दारिद्र्य हटलंच नाही असं मात्र म्हणू नका. दिवसाला १.९० डॉलर या जागतिक बँकेच्या जुन्या रेषेखाली १९९० मध्ये सुमारे १९० कोटी माणसं होती, २०१५ मध्ये ७४ कोटींच्या आत आली. यातला सगळ्यात मोठा वाटा चीनचा, आणि चीन काही देणग्यांवर वर आला नाही. शिवाय २०२३ मध्ये सगळ्या श्रीमंत सरकारांची मिळून मदत २२३ अब्ज डॉलर, आणि परमुलखात राबणाऱ्यांनी गरीब व मध्यम देशांतल्या आपल्या घरी पाठवलेले पैसे ६५० अब्जांच्या वर. आई त्या पैशाचं काय करते याचा फोटो कुणी मागत नाही.

तर माझं म्हणणं एवढंच: मशीन पाहिजे का, हे त्या बायकांना कुणी विचारलंय का? धाकट्या वहिनी सध्या सोलापुरातच आहेत. त्यांनी जरा चौकशी करावी.

— नाना

प्रेषक: स्टॉल समिती
विषय: उत्तर: उत्तर: दिवाळी निधी

मध्येच घुसते, माफ करा. कडबोळी कोण करतंय? तिघींनी चकल्या लिहिल्यात, कडबोळी कुणीच नाही. आणि हॉलवाल्यानं मागचं पार्किंग बंद केलंय.

प्रेषक: धाकटी वहिनी
विषय: उत्तर: दिवाळी निधी (सोलापूरहून)

नाना, खजिनदार भाऊजी,

सासूबाईंच्या गुडघ्याचं झालं, आता घरात वॉकरवर फिरतायत आणि सगळ्यांवर ओरडतायत, म्हणजे बऱ्या आहेत. आमचं घर अशोक चौकाच्या मागं, हे तुम्हाला माहीतच आहे. बोळात दर दोन घरांआड विडी चालते, त्यामुळे चौकशीला लांब जावं लागलं नाही. शेजारच्या अक्कांकडे जाऊन बसले. पन्नाशीच्या आसपास असतील. घरात तेलुगू, माझ्याशी मराठी.

रात्री पानं भिजवून फडक्यात गुंडाळून ठेवतात. सकाळी पत्र्याचा फर्मा पानावर ठेवून कात्रीनं कापायचं, मग मांडीवर सूप घेऊन बसायचं. चिमूटभर तंबाखू पसरायची, पान वळायचं, तोंड नखानं आत दुमडायचं, दोऱ्याचे वेढे देऊन तोडायचं. हात इतके चालतात की बघताना आपण चुकतो. मजुरी हजारावर. संध्याकाळी कारखान्यात नेऊन द्यायच्या, तिथं चेकर सैल बांधलेल्या, वाकड्या, फाटक्या बाजूला काढतो. त्यांचे पैसे नाहीत, वर पान-तंबाखू कमी पडली तर पदरचं घालून भरायची.

मशीनचं विचारलं. अक्कांनी कॉटखाली बोट दाखवलं. आधीच कुठल्याशा योजनेतलं एक पडलंय, वर जुनी साडी झाकलेली, तिच्यावर गव्हाचा डबा. म्हणाल्या, "अजून एक घेऊन काय करू ओ? ब्लाऊज शिवणाऱ्या ह्या एका बोळात पाच हायत. गिऱ्हाईक कुठनं आणू?" सोलापूरचे गणवेश देशभर जातात हे खरं, पण ते काम कारखान्यात जुकीवर, म्हणजे विजेच्या मोठ्या मशीनवर चालतं. पायाच्या मशीनवर फार तर फॉल-पिको. ज्यांना शिवणाचा हात आहे त्या पोरी केव्हाच तिकडे कामाला लागल्यात. विडीवर राहिल्या त्या अक्कांच्या वयाच्या.

मग त्यांचं नडतं कुठं? मला वाटलं गटाच्या कर्जाचे हप्ते सांगतील. तेही आहेच. लाडक्या बहिणीचे १,५०० आले की गॅस आणि हप्ता यांत जिरतात. पण अक्का आधी बोलल्या त्या डोळ्यांचं. "दोऱ्याचं टोक दिसंना झालंय. पोरगी बांधून देती." पोरगी दहावीला आहे. अक्का पान वळून तोंड दुमडून ताटलीत टाकतात आणि ती समोर पुस्तक उघडं ठेवून दोरा बांधत बसते. मी होते तेवढ्या वेळात तिनं पान उलटलं नाही.

माझा वाचायचा चष्मा काढून अक्कांना दिला, म्हटलं घालून बघा. घातला, हातातली विडी लांब धरली, जवळ आणली, दोरा बांधला, आणि मग दुसरंच बोलायला लागल्या: सूप किती मळलंय, कुणी सांगितलं का नाही म्हणून पोरीवर चिडल्या. चष्मा परत मागायला जीवावर आलं. (मागितला. माझ्याकडे एकच आहे.)

इथं बाजारात तयार वाचायचा चष्मा शे-दोनशेला मिळतो. मग अक्कांनी आजवर का नाही घेतला म्हणाल, तर मीही विचारलं. घरात डोळ्याच्या डॉक्टरकडे गेलंय ते फक्त कुणाचा मोतीबिंदू झाला तेव्हा. चष्मा म्हणजे शिकलेल्यांचं काम, असं सासू म्हणायची म्हणे. आणि सिव्हिलला जायचं तर एक दिवसाच्या विड्या बुडतात.

— वहिनी

प्रेषक: डॉक्टर
विषय: उत्तर: दिवाळी निधी (सोलापूरहून)

वहिनी, फार कामाचं लिहिलंत.

चाळिशीचा चष्मा ही आपल्याकडे थट्टेची गोष्ट, पण जगात ८० कोटींहून जास्त लोक असे आहेत ज्यांना जवळचं नीट दिसत नाही आणि चष्मा मिळालेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा हा अंदाज, आणि याच कामासाठी तिनं २०२४ मध्ये वेगळा कार्यक्रम सुरू केलाय. कमाईवर काय परिणाम होतो तेही तपासून झालंय. आसामात चहाच्या मळ्यातल्या चाळिशीपुढच्या ७५१ मजुरांवर अभ्यास झाला. चष्मा मिळालेल्यांची रोजची पानतोड न मिळालेल्यांपेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी जास्त वाढली. नंतर बांगलादेशात ५६ गावांमधल्या हातकाम करणाऱ्या ८२४ जणांपैकी चिठ्ठी टाकावी तसे निम्मे निवडून त्यांना फुकट चष्मे दिले. आठ महिन्यांनी त्यांची महिन्याची कमाई ३५ डॉलरवरून ४७ वर गेली होती. तेही शिंपी, विणकर असे लोक, म्हणजे आपल्या पूर्व भागाचे भाऊबंदच. एका शिलाई मशीनच्या पैशात चाळीसेक चष्मे बसतात, हिशेब खजिनदारांनी करावा.

एक अट मात्र माझी. नुसता चष्म्यांचा ढीग ओतायचा नाही. आधी तपासणी. कुणाला मोतीबिंदू असेल, कुणाला साखर असेल, त्यांना चष्मा देऊन घरी पाठवलं तर आपण आजार झाकला. मी सोलापूरला सिव्हिलला इंटर्न होतो तेव्हा जागतिक बँकेच्या कर्जावरचा मोतीबिंदूचा कार्यक्रम चालू होता, १९९४ पासून महाराष्ट्र धरून सात राज्यांत. तेव्हा शिबिरात पेशंट गाडीत घालून आणायचो. ऑपरेशन आजही सरकारात फुकट होतं, फक्त नेऊन सोडणारं माणूस लागतं. त्याचे पैसे निधीत धरा.

आणि आता मनातली ठसठस. आपण कुणाला चष्मे देतोय? जास्त विड्या वळता याव्यात म्हणून? मी आयुष्यभर तोंडाचे कॅन्सर बघितलेत. शिवाय घरभर उडणारी ती तंबाखूची धूळ वळणारीच्याच छातीत जाते. भारतानं २००४ ला जागतिक तंबाखू करार मान्य केला, त्याच्या कलम १७ मध्ये म्हटलंय की तंबाखूवर पोट असणाऱ्यांना परवडेल असा दुसरा धंदा मिळावा म्हणून चालना द्या. मंडळाचं नाव विडीला जोडायला माझं मन घेत नाही.

— डॉक्टर

प्रेषक: धाकटी वहिनी

डॉक्टर, कलम १७ अक्कांना वाचून दाखवते, पण चष्मा आल्यावर.

रागावू नका. दुसरा धंदा द्यावा हे मलाही पटतं. पण २००४ पासून तो कुणी दिलेला मला तरी या बोळात दिसला नाही. उलट जीएसटी आला तेव्हा, २०१७ मध्ये, विडीवरचा कामगार कल्याणाचा सेस गेला. दवाखाने आणि पोरांच्या स्कॉलरशिप त्याच पैशातून चालायच्या. विडी बंद करायची जबाबदारी जगातल्या सगळ्यांनी मिळून एका सुपावर टाकू नये, एवढंच. चष्मा काही विडीला चिकटलेला नाही. अक्का तांदूळ निवडतील, बीपीच्या गोळीचं पाकीट वाचतील, कारखान्याच्या वहीत किती लिहिलंय ते बघतील. हे शेवटचं तर मला फारच हवंय.

आणि पोरगी दोऱ्यापासून सुटली तर तिचं दहावीचं वर्ष तरी सुटेल. विडीतून माणसं बाहेर पडतात ती अशीच, आईच्या वयाला नाही, पोरीच्या वयाला.

प्रेषक: नाना

वहिनींना अनुमोदन. डॉक्टरांच्या तपासणीच्या अटीलाही. बॅनर लावू नये, म्हणजे विडीशी नाव जोडलं जाण्याचा प्रश्न मिटला. फोटोचाही.

प्रेषक: खजिनदार
विषय: दिवाळी निधी: पैसे पाठवायची अडचण

मंडळी,

रविवार उलटला. मशीन बाद, तपासणी आणि चष्मे नक्की. डॉक्टरांनी "बॅनर नसेल तर चालेल" असं फोनवर सांगितलं. वहिनींनी तिथल्या एका ट्रस्टशी बोलणं केलंय, ते सुटीच्या दिवशी बोळातच येऊन तपासायला तयार आहेत, म्हणजे कुणाची मजुरी बुडणार नाही.

अडचण वेगळीच आहे. आपलं मंडळ इथं नोंदलेलं, म्हणजे भारताच्या विदेशी देणगी कायद्यानं 'परदेशी स्रोत'. त्या ट्रस्टकडे त्या कायद्याखालची नोंदणी नाही, सरकारची पूर्वपरवानगीही नाही, त्यामुळे मंडळाच्या खात्यातून एक पौंडही त्यांना देता येणार नाही. ज्या संस्थेकडे नोंदणी आहे तिला देता येतं, पण पैसे आधी दिल्लीत संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच जमा व्हावे लागतात, आणि २०२० च्या दुरुस्तीपासून ती संस्था ते पुढं दुसऱ्या संस्थेला देऊ शकत नाही. म्हणजे मोठ्या संस्थेला देऊ आणि ती आपल्या ट्रस्टला देईल, ही पळवाटही बंद.

ब्रिटिश पासपोर्टवाले वैयक्तिक देणगीतही परदेशीच धरले जातात, ओसीआय कार्ड (मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) असलं तरी. (नाना, तुम्हीसुद्धा. मिलो खाल्ल्याची सवलत नाही.) भारतीय पासपोर्ट असलेल्यांनी मात्र स्वतःच्या कमाईतून, स्वतःच्या बँक खात्यातून ट्रस्टला पाठवले तर ती परदेशी देणगी होत नाही.

म्हणून असं करतोय: चष्म्यांचा खर्च भारतीय पासपोर्टवाल्यांनी आपापला परस्पर पाठवायचा. स्टॉलचे पैसे मंडळाचे, ते त्यात मिसळायचे नाहीत. ते सोलापूर भागात काम करणाऱ्या, नोंदणी असलेल्या एखाद्या नेत्रसंस्थेला मोतीबिंदूच्या पेशंटांच्या ने-आणीसाठी देऊ, कागद बघितल्याशिवाय नाही. ट्रस्टच्या खात्याचा तपशील मी लिस्टवर टाकणार नाही, ज्याला हवा त्यानं मला एकट्याला मेल करावी. सर्वांना उत्तर देऊ नका.

आणि कडबोळी अजूनही कुणी घेतलेली नाहीत.

— खजिनदार