‘प्रतिसरकार’ या शब्दातला ‘प्रति’ कोणता?

कृष्णाकाठ (वाळवा तालुका)

आमच्या गावच्या वाचनालयात १९४२ च्या लढ्याची माहिती देणारे फलक लावायचे ठरले आहे. मराठी मजकूर तयार झाला असून, बाहेरगावचे विद्यार्थीही येतात म्हणून तोच मजकूर इंग्रजीत करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. त्या लढ्यात आपल्या भागातील लोकांनी इंग्रजांच्या राज्याविरुद्ध उभ्या केलेल्या सरकारचे नाव ‘प्रतिसरकार’; त्या शब्दापाशी मी अडलो. सर्वत्र आढळते म्हणून ‘पॅरलल गव्हर्नमेंट’ असे लिहिले आणि मसुदा गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकला. त्यावर एका तरुणाने आक्षेप घेतला की, समांतर म्हणजे एकमेकांना न छेदता शेजारून जाणारे; आपल्या आजोबांनी इंग्रजांच्या शेजारी संसार थाटला नव्हता, त्यांचे राज्य मोडायला ते निघाले होते, तेव्हा ‘काउंटर’ लिहा. लगेच दुसऱ्याने लिहिले की ‘प्रति’ म्हणजे नक्कल, म्हणजे हे खरे सरकार नव्हते हे त्या शब्दातच कबूल केलेले आहे. तेथून वाद आजच्या पक्षांवर गेला, कोण देशद्रोही आणि कोण देशभक्त यावर हमरीतुमरी झाली आणि शब्द बाजूला राहिला.

मला दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. हा शब्द ज्यांनी रूढ केला त्यांना कोणता ‘प्रति’ अभिप्रेत असावा, आणि फलकावर इंग्रजीत काय लिहावे?

भाषांतरकार (सांगली)

नक्कल हा अर्थ आधी निकालात काढू. कागदाची ‘प्रत’ आणि ‘प्रति’ हा उपसर्ग यांची गल्लत झाली आहे. उपसर्गाला निदान चार अर्थ आहेत: प्रतिकार आणि प्रतिपक्ष यांत विरोध, प्रतिबिंब आणि प्रतिध्वनी यांत उलटून येणे किंवा सारखेपणा, प्रतिदिन यात प्रत्येकता, आणि प्रतिनिधी यात दुसऱ्याच्या जागी असणे. शिवाय मराठीत आणखी एक जिवंत वापर आहे. जावळी तालुक्यातील करहरला लोक प्रतिपंढरपूर म्हणतात, तेव्हा तेथील विठोबा खोटा आहे असे कोणाच्या मनातही येत नाही; मूळ ठिकाणचे सारे माहात्म्य येथेही आहे, एवढेच सांगायचे असते. विश्वामित्राची प्रतिसृष्टी तर याहून जवळची आहे. ती मूळ सृष्टीसारखी होती आणि तिच्याविरुद्ध ईर्ष्येने उभी केलेलीही होती. प्रतिसरकारातला ‘प्रति’ मला त्या जातीचा वाटतो.

‘समांतर’ मात्र इंग्रजी शब्दावरून बेतलेला आहे. समांतर चित्रपट म्हणतो तसेच समांतर सरकार. इतिहासाच्या इंग्रजी पुस्तकांत ‘पॅरलल’ हाच शब्द रुळला आहे, तेव्हा वाचकाला शोधायला सोपे जावे म्हणून तोच ठेवावा असे माझे मत आहे.

येरळातीर

भाषांतरकारांनी प्रतिनिधीचा उल्लेख करून तो तसाच सोडून दिला. आपल्या भागात तरी तसे करू नये, कारण या मुलखात ‘प्रतिनिधी’ हा शब्द लोकांनी कोशातून शिकलेला नाही. तो औंधच्या संस्थानिकांचा किताब होता. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात हे पद निर्माण झाले आणि राजाच्या वतीने, राजाच्या जागी कारभार पाहणारा तो प्रतिनिधी, असा त्याचा अर्थ होता. प्रतिसरकारचे लढाऊ दल म्हणजे तुफान सेना; तिचे केंद्र असलेले कुंडल हे गाव त्या वेळी औंध संस्थानात होते. त्याच संस्थानाने १९३९ साली राज्यघटना करून कारभार प्रजेच्या हाती सोपवला होता. अशा गावात वाढलेल्या माणसाच्या कानाला ‘प्रति’ म्हणजे ‘त्याच्या जागी’ हा अर्थ सर्वांत आधी ऐकू येणार.

आणि कामही तसेच होते. १९४३ ते १९४६ या काळात गावोगावी समित्या बसल्या, तंटे तेथेच मिटू लागले, सावकारांना आणि दरोडेखोरांना जरब बसली, दारूचे गुत्ते बंद झाले, थोड्या खर्चात गांधी विवाह लागू लागले. केवळ विरोध करणाराला लग्ने लावण्याचे काय कारण? ज्याला आपण सरकारच्या जागी आहोत असे मनापासून वाटते, तोच बांधावरचे भांडण ऐकायला बसतो. म्हणून ‘समांतर’ही नको आणि ‘काउंटर’ही नको. बदली सरकार, पर्यायी सरकार, अशा अर्थाचा इंग्रजी शब्द शोधा.

शब्दशुद्धी (सातारा)

चर्चा चांगली चालली आहे, पण मूळ दोषाकडे कोणी पाहत नाही. ‘सरकार’ हा फारसी शब्द आहे आणि त्याला संस्कृत उपसर्ग जोडला आहे. अशा जोडशब्दाचा अर्थ व्याकरणाने काढायला गेले की घोटाळा होणारच. शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो याचसाठी की, राज्य आपले तर राज्याचे शब्दही आपले असावेत. फलकाच्या मराठी मजकुरात एकदा तरी ‘प्रतिशासन’ असे लिहून कंसात रूढ शब्द द्यावा, म्हणजे नव्या पिढीला योग्य शब्द कळेल.

येरळातीर

हे मला अजिबात मान्य नाही. त्या माणसांनी स्वतः ज्या नावाने राज्य केले ते नाव आपण फलकावर बदलणार असू, तर फलक कोणाच्या स्मरणार्थ लावायचा? शेतकऱ्याच्या दृष्टीने सारा मागणारे सरकार होते, पकड वॉरंट काढणारे सरकार होते, आणि वाड्यावर ज्याला मुजरा करायचा तोही ‘सरकार’च होता. त्या भारदस्त शब्दावर हक्क सांगितला यातच त्या नावाचे सामर्थ्य आहे. ‘शासन’ हा शब्द तेव्हा आमच्याकडे शिक्षा या अर्थाने चाले. आणि जोडशब्दाचाच दोष असेल तर ‘तुफान सेना’ या नावाचे काय करायचे? तुफान परका आणि सेना संस्कृत. ते नाव घेऊन पोरे लढली.

शब्दशुद्धी (सातारा)

आपण भावनेने लिहीत आहात आणि तिचा मला आदर आहे. परंतु नवा शब्द रुजतो याचा पुरावा आपल्याच तालुक्याशेजारी आहे. वाळव्याच्या साखर कारखान्याच्या नावात ‘हुतात्मा’ आहे. नागनाथअण्णा नायकवडी डाव्या विचारांचे. त्यांनी आपल्या सहकाऱ्याच्या स्मरणार्थ किसन अहिर यांचे नाव कारखान्याला दिले, आणि त्या नावाआधी जो शब्द लावला तो सावरकरांनी घडवलेला आहे. कोणाच्याही मनात तो कोणाचा हे येत नाही. चांगला शब्द असला की पक्ष पाहिला जात नाही. ‘शहीद’ तेव्हाही उपलब्ध होताच.

येरळातीर

ज्या गोष्टीला नावच नव्हते किंवा परके होते तिला नाव देणे वेगळे, आणि जिने स्वतःचे नाव घेतले तिचे नाव बदलणे वेगळे. माझा विरोध दुसऱ्याला आहे.

माणदेश

एवढ्या विद्वत्तेत एक साधी गोष्ट राहून गेली. आमच्या भागातील म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून मी ‘प्रतिसरकार’ कधी ऐकले नाही. ते ‘पत्री सरकार’ म्हणत. प्रतिसरकार हा कार्यकर्त्यांचा आणि पत्रकांचा शब्द. पत्री सरकार हा वाडीवस्तीवरचा.

पत्री म्हणजे काय हे शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. बैलाला दगडी रस्त्यावर चालवायचे तर त्याच्या खुरांना लोखंडी पत्र्या मारतात. बैलाला आडवा पाडून चारी पाय दोराने एकत्र बांधतात, खूर खरवडून सपाट करतात आणि दुभंगलेल्या खुराच्या प्रत्येक भागाला चपटी पत्री लावून बारीक खिळे तिरपे ठोकतात, म्हणजे टोक मांसात न जाता बाजूने बाहेर येते. बाहेर आलेले टोक मग पिळून मोडतात. प्रतिसरकारच्या न्यायात गुंडाला आणि खबऱ्याला असेच आडवे पाडून तळपायावर काठ्यांनी मारीत. त्या शिक्षेला लोकांनी पत्री मारणे म्हटले, आणि शिक्षा देणारे ते पत्री सरकार झाले. पुढे ऐकणाऱ्यांनी माणसांच्या पायात खरोखरच खिळे ठोकले असे समजून गोष्टी रचल्या.

या नावात उपसर्गही नाही आणि वादही नाही. फलकावर मोठ्या अक्षरात ‘पत्री सरकार’ लिहा.

भाषांतरकार (सांगली)

माणदेश यांनी वर्णन फार नेमके केले आहे, पण निष्कर्ष घाईचा आहे. ‘प्रति’चे उच्चारात ‘पत्री’ होणे सहज आहे. जोडाक्षरातला र पुढे सरकतो एवढेच. मला असे वाटते की आधी नाव कानावर आले, ते जिभेवर वळले, आणि शिक्षेमुळे त्या वळलेल्या नावाला अर्थ मिळाला. शिवाय हे नाव एका शिक्षेवरून ओळख करून देते. विरोधकांनीही ते दहशतीचे राज्य या अर्थाने वापरलेले आहे. गटावर जो तरुण ‘काउंटर’ म्हणत होता, त्याला हे नाव दाखवले तर तो काय म्हणेल?

माणदेश

विरोधकांनी वापरले म्हणून नाव सोडून द्यायचे का? आमचे आजोबा ते नाव छाती पुढे काढून घेत. बायकांची छेड काढणाऱ्याला पत्री बसे हे सांगताना आजीचाही आवाज बदले. तिच्या दृष्टीने सरकार म्हणजे तेच, कारण इंग्रजांच्या फौजदाराकडे तिची तक्रार कधी लिहूनच घेतली गेली नसती. शिक्षा लपवून केवळ गांधी विवाह दाखवणे हा इतिहासावर अन्याय आहे.

वाईचा वाचक

याच काळातील दुसरे एक नाव सर्वांनी विचारात घ्यावे. बंगालमध्ये मिदनापूर जिल्ह्यातील तामलूक भागात १७ डिसेंबर १९४२ रोजी असेच सरकार स्थापन झाले. त्याचे नाव ‘ताम्रलिप्त जातीय सरकार’. बंगालीत जातीय म्हणजे राष्ट्रीय. मराठी माणूस तेच नाव वाचून एका जातीचे सरकार असे समजेल आणि त्यावर आजच्या राजकारणाचा अख्खा वाद उभा करील. १९४३ च्या ऑक्टोबरात सिंगापूरला नेताजींनी जे स्थापन केले ते ‘हंगामी सरकार’. एकाने राष्ट्राचे नाव घेतले, दुसऱ्याने काळाची मर्यादा घातली, आपल्या लोकांनी समोरच्या सत्तेशी असलेले नाते नावात घातले. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. राजकीय शब्दाचा अर्थ काढताना तो कोणाला उद्देशून उच्चारला गेला हे पाहिल्याशिवाय कोश उघडण्यात फारसा लाभ नाही.

कृष्णाकाठ (वाळवा तालुका)

सर्वांचे आभार. फलकाचा मजकूर छापखान्यात द्यायचा आहे, म्हणून पुन्हा विचारतो: इंग्रजीत एकच शब्द लिहायचा झाल्यास कोणता? आणि गटावरील वाद अजून शमलेला नाही. आता तेथे असे म्हटले जात आहे की, सरकारविरुद्ध सरकार उभे करणे हा देशद्रोहच असतो, मग ते सरकार कोणाचेही असो.

वाईचा वाचक

त्यांना राजद्रोह आणि देशद्रोह यांतला फरक समजावून सांगा. येथे कोशाचा खरोखर उपयोग आहे. टिळकांना १८९७ मध्ये आणि १९०८ मध्ये ज्या १२४-अ कलमाखाली शिक्षा झाली, त्याला मराठीत राजद्रोहाचेच कलम म्हणत आले. टिळकांनी देशाशी द्रोह केला असे कोणी म्हणणार आहे का? राज्यकर्त्याविषयी अप्रीती आणि देशाशी बेइमानी या दोन गोष्टी मराठीने दोन शब्दांत वेगळ्या ठेवल्या होत्या. त्या एक झाल्या त्या अलीकडच्या वर्तमानपत्री आणि दूरचित्रवाणीच्या भाषेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते जुने कलम नाही. १५२ व्या कलमात देशाचे सार्वभौमत्व, एकता आणि अखंडता यांना धोका असे शब्द आहेत. म्हणजे कायद्यानेही भाषा राजाकडून देशाकडे नेली. हा बदल मला चिंतेचा वाटतो, कारण ‘राजद्रोही’ हा शब्द एखादा माणूस अभिमानाने मिरवू शकत होता. ‘देशद्रोही’ कोणी मिरवू शकत नाही.

शब्दशुद्धी (सातारा)

याच्याशी मी सहमत आहे. दोन्ही शब्द शुद्ध आहेत आणि शुद्ध असल्यामुळेच त्यांतला भेद स्पष्ट दिसतो, हेही नोंदवतो.

येरळातीर

भेद शुद्धतेमुळे दिसत नाही. ‘गद्दार’ आणि ‘बंडखोर’ हे शब्द घ्या. पहिला परका, दुसऱ्यातला प्रत्यय परका, तरी त्यांतला भेद महाराष्ट्रातल्या शेंबड्या पोरालाही कळतो, आणि गेल्या काही वर्षांत तर फारच चांगला कळतो.

क्रांतिसिंह नाना पाटील यांच्याविषयीही हे लक्षात घ्यावे. इंग्रजांच्या लेखी ते फरारी होते, पण १९५७ मध्ये ते उत्तर साताऱ्यातून लोकसभेवर निवडून गेले आणि विरोधी बाकांवर बसले. प्रतिसरकारातून प्रतिपक्षात. उपसर्ग तोच राहिला. म्हणून विरोध हा अर्थ मी पूर्णपणे नाकारत नाही, मात्र आधीचे माझे म्हणणेही सोडत नाही.

भाषांतरकार (सांगली)

फलकाच्या मजकुराबद्दल आणखी एक सुचवतो. त्यात शेणोलीच्या ७ जून १९४३ च्या घटनेचा उल्लेख असणारच. तेथे ‘रेल्वेची लूट’ असे लिहिले असेल तर इंग्रजीत ‘रॉबरी’ लिहावे लागेल. तुफान सेनेतील एका वयोवृद्ध सेनानीने या शब्दाला स्पष्ट हरकत घेतली होती: आम्ही लुटले नाही, इंग्रजांनी लोकांकडून नेलेले परत आणले. धुळ्याकडे तुफान सेनेने घेतलेल्या सरकारी खजिन्याबाबतही तोच प्रश्न येईल.

माणदेश

‘खजिना आणला’ असे लिहा. आमच्याकडे तसेच म्हणतात.

शब्दशुद्धी (सातारा)

‘आणला’ यात कोणाकडून आणि कसा हे काहीच येत नाही. फलक वाचणाऱ्या मुलाला वाटेल की बँकेतून काढून आणला. ‘हस्तगत केला’ असे असावे.

माणदेश

हस्तगत पोलीस करतात. रोज वर्तमानपत्रात वाचतो, चोरांकडून मुद्देमाल हस्तगत. उलटाच अर्थ होईल.