जागरणाला बोकड कापायचा की नाही? मुलीने हिशोब मांडलाय

सिडकोकर:

नमस्कार मंडळी. प्रश्न घरगुती आहे, पण उत्तर घरात सापडेना म्हणून इथे टाकतोय.

मी नाशकात सिडकोत राहतो, अंबडला शिफ्टची नोकरी. मूळ गाव मालेगाव तालुक्यात, कुलदैवत खंडोबा. पुतण्याचं लग्न झालं, पुढच्या महिन्यात गावी जागरण-गोंधळ आणि दुसऱ्या दिवशी बोकड. घरचीच साठ-सत्तर माणसं. आई माळकरी, निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर त्र्यंबकहून पंढरपूरला चार वेळा चालत गेलेली. चातुर्मासात कांदा, लसूण, वांगं बंद. कांद्याच्या जिल्ह्यात राहून चार महिने कांदा नाही, यावरून तिला चिडवणारा मीच. ती तिच्या चुलीवर वेगळं शिजवते, बाकीचे रस्सा ओरपतात. इतकी वर्षं कुणाचं कुणाला बोचलं नाही.

यंदा बोचलं. मुलगी अकरावीत. पर्यावरणाचा प्रकल्प केला आणि मटण सोडलं. आजीसारखं देवासाठी नाही, हवेसाठी. म्हणाली, २०१८ साली 'सायन्स' नियतकालिकात मोठा अभ्यास आला, ११९ देशांतली ३८ हजारांवर शेतं धरून. हवा तापवण्यात किलोमागे सगळ्यात वाईट गोमांस, मग मटण, चिकन त्यांच्या मानाने बरंच खाली, डाळी तर तळाला. मी म्हटलं, ठीक, बोकडाऐवजी चिकन करू, तुझी हवाही खूश. तिने कालनिर्णयच्या मागच्या पानावर गणित केलं. पंचवीस किलोच्या बोकडाचं मटण बाराएक किलो. दोन किलोच्या कोंबडीचं साफ करून सव्वा-दीड किलो. "म्हणजे बाबा, एका जिवाऐवजी नऊ." मी गप्प.

मग मीही पकडलं तिला. त्याच अभ्यासात चीज हे चिकनच्या दुपटीवर आहे, आणि ही दर शनिवारी पिझ्झा मागवणार! झालं. पिझ्झा बंद, वर दुधाचा चहाही बंद. आता आई खवळलीय. "दूध काय जीव मारून काढतात?" असं म्हणून तिने नातीशी अबोला धरलाय. आधी कौतुक करत होती.

तर विचारायचं हे की रानात चरणाऱ्या आपल्या बोकडाला ते परदेशी आकडे लागू होतात का? आणि दूधही पापात धरायचं म्हणजे फारच झालं की नाही? तज्ज्ञ नको, आपल्याकडचं माहीत असलेलं कुणी बोला.

बागवाला_पिंपळगाव:

द्राक्षं शुद्ध शाकाहारी समजता ना? माझ्या बागेत दरवर्षी कोंबडखत आणि लेंडीखत पडतं, ट्रॉलीने. ते पोल्ट्रीतून आणि मेंढवाड्यातून येतं, आकाशातून नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर कोंब फुटले की आम्ही रात्री टॉर्च घेऊन उडद्या, म्हणजे कोंब खाणारे भुंगेरे, वेचतो आणि रॉकेलच्या डब्यात टाकतो. शेकड्याने. पुढे मिलीबग, फुलकिडे यांच्यावर फवारे वेगळेच. हे जीव कुणाच्या ताटात मोजायचे, ते मुलीला विचारून सांगा. चेष्टा नाही, खरंच विचारतोय.

गोठ्यावरची:

सिडकोकरदादा, मी निफाड तालुक्यातली. बी.एस्सी. अ‍ॅग्री केलं आणि सासरी येऊन गोठ्यात उतरले. आठ एचएफ, म्हणजे विदेशी होल्स्टिन जातीच्या, गाई आहेत. मी मांसाहार करत नाही, हे आधीच सांगते.

बोकडाचं आधी. रवंथ करणारं जनावर मिथेन सोडतं ते मुख्यतः ढेकरेतून, लोकांना वाटतं तसं शेणातून नाही. शेळीचा आंतरराष्ट्रीय हिशोबात धरतात तो आकडा वर्षाला ५ किलो. म्हशीचा ५५. शंभर वर्षांच्या हिशोबात हवा तापवायला मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २८ पट धरतात. म्हणजे तुमचा वर्षाचा बोकड १४० किलोच्या घरात. लिटरभर पेट्रोल जाळलं की सव्वादोन-अडीच किलो निघतो, तेव्हा बोकड झाला साठ लिटर पेट्रोलचा. आता साठ-सत्तर पाहुणे नाशकाहून दहा गाड्या काढून मालेगावकडे जाणार, जाऊन-येऊन दोनशे किलोमीटर. मोजा. बोकड पाच गाड्यांतच संपतो.

यात त्याच्या आईच्या ढेकरा धरल्या नाहीत, म्हणून मुलीला लगेच जिंकलो म्हणून सांगू नका. आणि 'रानात चरतो म्हणून चांगला' हेही पूर्ण खरं नाही. रानातला हळू वाढतो, त्यामुळे किलोमागे त्याच्या ढेकरा जास्तच पडतात. त्याच्या बाजूने बोलायचं तर तो माणसाच्या पोटातला मका-सोयाबीन खात नाही. बोरी-बाभळीचा पाला खातो. ब्रॉयलर अख्खा मका आणि सोयापेंडीवर चाळीस दिवसांत उभा राहतो.

आता दुधाचं. तुमच्या आईंना राग येईल, पण मुलगी चुकली नाही. आपल्या देशात शेतीतून जे उत्सर्जन होतं, त्यातलं निम्म्याहून जास्त जनावरांच्या पोटातून येतं. भातखाचरांचं त्याच्या कितीतरी खाली. आणि ही जनावरं लोक मुख्यतः दुधासाठी पाळतात.

पण मला ढेकरांपेक्षा दुसरंच टोचतं. मागच्या श्रावणात आमची गाय रात्री दोनला व्यायली. गोऱ्हा झाला. सासऱ्यांनी बॅटरी मारली, बघितलं आणि काही न बोलता घरात गेले. कालवड असती तर गूळ वाटला असता. सकाळी चीक काढला, शेजारच्या दोन घरांत खरवस गेला, वेलदोडे घालून. गोऱ्हा हातभर दाव्याने खांबाला, तोंड खरवसाच्या पातेल्याकडे. पोटापुरता पाजला होता मी, पण पोटापुरता म्हणजे किती हे शेवटी आपणच ठरवतो ना.

पूर्वी गोऱ्ह्याचा बैल व्हायचा. एचएफला वशिंड नाही, त्याच्या मानेवर जू नीट बसत नाही. आणि औताला बैल लावतो कोण, ट्रॅक्टर आहे. गाईची कत्तल आपल्याकडे जुन्या कायद्यानेच बंद होती, मार्च २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले. म्हैस नाही आली. कायदा बरा की वाईट हा वाद मला इथे नको, पण बाजारात गोऱ्ह्याला गिऱ्हाईक उरलं नाही हे खरं. मग कुणी त्याला दूध तोडून बारीक करत नेतो. कुणी रात्री टेम्पोतून हायवेला सोडतो. सकाळी लोक फोटो काढतात आणि 'मोकाट जनावरं' म्हणून टाकतात. त्या फोटोतलं जनावर कुणाच्या तरी चहातलं आहे, हे कुणी लिहीत नाही.

हल्ली मादी वासरांची वेगळी कांडी (गोठवलेल्या वीर्याची) मिळते, डॉक्टर भरून जातात. दहातल्या नऊ कालवडी होतात, पण महाग पडते. आम्ही आता तीच वापरतो. दहावा होतोच.

म्हणून मला विचाराल तर वर्षभर मोकळा फिरलेला, मुंडी-पाया-वजडीसकट सगळा कामी आलेला बोकड हा त्यातल्या त्यात कमी हालाचा. पोल्ट्रीतली कोंबडी त्याखाली. आणि गोऱ्हा सगळ्यात खाली, म्हणजे माझ्याच गोठ्यातला.

रस्सावाला_जुनं_नाशिक:

काही म्हणा, तर्री मिसळीची असो की मटणाची, तेल तेवढंच जातं. बोकडावरून भांडू नका, मला आमंत्रण द्या.

घाटावरचा_मास्तर:

मी सुरगाण्याकडे शाळेवर आहे. ही चर्चा वाचताना एक वाटलं. 'मांस कमी करा' हे आपण कुणाला सांगतोय? आमच्या पाड्यावर कोंबडी पाहुणा आला किंवा देवाचं असलं तरच कापतात. पावसात ओढ्याचे खेकडे आणि मासे, एरवी नागलीची भाकरी आणि उडदाचं बेसन. शेळी खायला नसतेच. दवाखाना निघाला की विकायची, ती बँक आहे. या माणसांचं वर्षाचं मटण सिडकोतल्या एका महिन्याएवढं होणार नाही.

आणि अंडं. शालेय पोषण आहारात नोव्हेंबर २०२३ ला आठवड्याला एक अंडं सुरू झालं. ज्यांना नको त्यांना केळं. त्या दिवशी माझ्या वर्गात एकही गैरहजर नसायचा. एक चौथीतली मुलगी पांढरा भाग खायची आणि पिवळा बलक कागदात बांधून धाकट्या भावाला न्यायची. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने अंड्याचे पैसे थांबवले. शाकाहार चांगला असेल, पण बी-१२ जीवनसत्त्व डाळीत मिळत नाही आणि आमच्याकडे दूधवाला येत नाही. तुमच्या मुलीने सोडलं ते तिने स्वतः ठरवून, त्याला माझा सलाम. माझ्या पोरांचं मात्र दुसऱ्यांनी ठरवलं.

सिडकोकर:

सगळ्यांचे आभार. गोठ्यावरच्या ताईंचं लिहिलेलं आईला मोठ्याने वाचून दाखवलं. खरवसापर्यंत आली आणि म्हणाली, "पुढचं नको वाचू." अर्ध्या तासाने स्वतःच आली. आजोळी गाय व्यायली की पहिले दहा दिवस चारही सड वासरालाच सोडायचे, घरात कुणी चहासुद्धा पांढरा पीत नसे, असं सांगत बसली. मला हे पन्नास वर्षांत माहीत नव्हतं. नातीशी बोलणं सुरू झालंय. आई मात्र दूध पितेच आहे. गुरुवारच्या उपासाला दुसरं काय घेऊ म्हणते, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

बोकड होणार. भाऊबंदांपुढे ते ठरलेलंच होतं, मी उगाच मोठेपणा घेत होतो. पण गाड्यांचं गणित मुलीला फार आवडलं. दहा गाड्यांऐवजी एक बस करायची असा तिने काकांना फोन लावला आणि काकाने, ज्याने मागच्या वर्षीच नवी गाडी घेतलीय, अर्धा तास वाद घातला. बोकडावरून झाला नसता एवढा. शेवटी बस ठरलीय. काका गाडीनेच येणार.

आमच्या घरी बुधवारचं चिकन मी बंद केलंय, रविवारचं ठेवलंय. याला तत्त्व वगैरे म्हणू नका, बुधवारी सेकंड शिफ्ट असते आणि मला गरम मिळतच नव्हतं. बागवाल्यांच्या उडद्याचं मुलीला विचारलं. दोन दिवस विचार करते म्हणाली, आज पाचवा.

मास्तर, तुमच्या शाळेचा पट किती आहे ते निरोपात कळवा. शिफ्टमधल्या आम्हा चौघांत बोलणं झालंय. आठवड्याचं अंडं वर्षभर जमतं का बघतो.

आणि ताई, आई विचारतेय, तो श्रावणातला गोऱ्हा आता कुठे आहे?

गोठ्यावरची:

दावणीलाच आहे. काल दावं तोडून माझी सगळी गवार खाल्ली.